तोंडं सोडून शिवलेली गोधडी

‘तोंडावर टाका घालायचा न्हाई,’ हे म्हणाले.

माझी सुई दादांच्या डाव्या डोळ्यात अर्धी गेली होती. तशीच थांबवली. बाहेरच्या खोलीत फरशीवर गोधडी पसरलेली, चार कोपऱ्यांवर चार दगड, मी कडेला मांडी घालून, आणि आमचे हे कमरेवर हात ठेवून उभे.

‘मग कुठनं घालू?’

‘बाजूनं घाल. गळ्याखालनं घाल. केसावरनं घातलास तरी एकवेळ चालंल. पर डोळं, नाक, तोंड सोड.’

‘आवो, गोधडी हाय ही. टाका न्हाई घातला तर आतलं कापड जागेवर ऱ्हाईल का?’

‘दादा हायत ते, शालन.’ हे त्यांनी आवाज उतरवून सांगितलं, टी-शर्टावरच्या दादांना ऐकू जाईल म्हणून.

दादा म्हणजे उदयभानदादा जगदाळे. एकदा आमदार झालेले, दोनदा पडलेले, आणि आमच्या तालुक्याच्या गावची नगरपालिका तर कायम त्यांच्या खिशात. आमचे हे, म्हणजे बजरंग शेवाळे, त्यांचे कार्यकर्ते. या शब्दाचा बाहेर काय मान असेल तो असो. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच होता की यांच्या ग्रिल-वेल्डिंगच्या दुकानाचं शटर निम्मा महिना खाली असायचं आणि चूल माझ्या शिलाई मशीनवर पेटायची. यांचे कपडे मात्र कधी विकत आणावे लागले नाहीत. निवडणूक लागली की टी-शर्ट यायचे, मोर्चा निघाला की यायचे, रक्तदानाला यायचे, ‘दादा चषक’ला यायचे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला हे तसल्याच एका टी-शर्टात आले. छातीवर दादांचा हसरा चेहरा, पाठीवर ‘विकास हाच ध्यास’. जेवणाच्या पंगतीत नवरदेवाच्या आजीनं मला विचारलं, ‘जावईबापू कुठल्या कंपनीत हायत गं?’

त्या वर्षी दादांचा पन्नासावा वाढदिवस होता. कुणी चांदीची तलवार घडवायला टाकली, कुणी गदा. दादा मागं एकदा सभेत म्हणाले होते, ‘माझे कार्यकर्ते हीच माझी ऊब आहे.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन विसरले. आमचे हे ते वाक्य बरोबर घेऊन आले. तीन दिवस त्यावर विचार केला आणि चौथ्या दिवशी टी-शर्टांचं गाठोडं माझ्यापुढं ठेवून म्हणाले, ‘ह्याची गोधडी शिव. दादांना आपली ऊब द्यायची.’

‘तलवार परवडत न्हाई म्हणून ऊब व्हय?’

‘तुला कळत न्हाई. आजून पंधरा दिसात तिकिटं जाहीर व्हणार.’

खरी गोम तिथं होती. वॉर्ड नंबर सातचं तिकीट. यांना तीन निवडणुका ‘पुढच्या खेपेला’ मिळत आलेलं. या खेपेला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणजे तिकीट माझ्या नावावर निघणार, सही मी करणार, आणि नगरसेवक म्हणून हे मिरवणार. आमच्याकडची तशी पद्धतच आहे आणि तिच्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी यांना एक अट घातली. ‘ह्या वेळी न्हाई मिळालं तर दादांचं नाव टाकायचं आन दुकान उघडायचं.’ यांनी देवापुढं उभं राहून ‘व्हय’ म्हटलं. त्या एका शब्दावर मी सुई हातात घेतली. मला तिकीट नको होतं, शटर उघडायला हवं होतं.

खाली माझं जुनं हिरवं लुगडं अंथरलं. दादांनी तोवर तीन पक्ष पालथे घातले होते. चालू पक्षाचे टी-शर्ट वर, आधीच्या दोन्ही पक्षांचे आत, असं यांनीच ठरवलं. ‘बरोबर हाय,’ मी म्हटलं, ‘आतलं कोण बघतंय?’ यांना टोमणा कळला नाही. टोमणे कळण्याइतकं डोकं असतं तर हे कार्यकर्ते कशाला झाले असते?

टी-शर्टाचं कापड गोधडीला नालायक. सुती लुगडं ठेवाल तिथं बसतं. हे बनियनसारखं ओढलं की लांबतं आणि सोडलं की गोळा होतं. म्हणून त्याला टाके उलट जास्त जवळ हवेत, बोटाच्या पेराइतक्या अंतरावर, आणि कडेपासून फेऱ्या घालत मधोमध यायचं. हे सगळं मी यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ते समदं खरं, पर तोंडं सोड.’ गाढवापुढं गीता वाचण्यापेक्षा गोधडी शिवलेली बरी. मी नऊच्या नऊ तोंडं सोडून शिवली.

शिवून झाल्यावर कुणी घडी घालून ठेवली असती. यांनी ती गल्लीतल्या दोरीवर टांगली, लोकांनी बघावी म्हणून. दोन दिवस टांगली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दळण घेऊन आले तर आतलं कापड सुटून खाली घसरलेलं. कपाळं खपाटीला गेलेली, गाल सुजलेले, हनुवटीखाली पिशव्या लोंबत होत्या. नऊ दादांना एकाच वेळी गालगुंड झाले होते. हे त्यांच्यापुढं उभं राहून एकेक गाल तळहातानं वर सारत होते.

‘असं कसं झालं गं?’

‘टाका न्हाई म्हणून. घालू का आता?’

यांनी बराच वेळ विचार केला. मला खरंच वाटलं, आता हो म्हणतील.

‘नगं,’ हे म्हणाले. ‘दादा अंगावर घेऊन झोपतील की. झोपल्यावर बसंल सपाट.’

वाढदिवस मार्केट यार्डात. आम्ही जोडीनं रांगेत. आमच्या पुढं चांदीची गदा, मागं तलवार, मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गोधडी. आमचा नंबर आला तेव्हा माईकवाला म्हणाला, ‘बजरंग शेवाळे यांच्याकडून हातानं विणलेलं घोंगडं.’ दादांनी ते पिशवीसकट घेतलं आणि मागच्या माणसाकडं दिलं. उघडलंही नाही. म्हणजे गालगुंडाची लाज यांना वाटायचं कारणच उरलं नाही.

‘वहिनी, तुम्ही केलं? कमाल आहे बुवा तुमची,’ दादा मला म्हणाले, माझ्या डोक्यावरून तलवारीकडं बघत. मग यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, ‘सातचं माझ्या डोक्यात आहे, बजरंग.’

घरी येईपर्यंत यांनी ते वाक्य चार जणांना सांगितलं. ‘डोक्यात हाय म्हणाले.’

‘डोक्यात हाय का डोक्यावरनं गेलंय ते बघा,’ मी म्हटलं.

तिकिटांच्या आदल्या दिवशी बंगल्यावरून निरोप आला, जोडीनं या. यांनी दाढी केली, नवा टी-शर्ट घातला. मला भारीतलं लुगडं नेसायला लावलं. बंगल्याच्या व्हरांड्यात ही गर्दी. बसायला जागा नाही, आणि उभं राहून राहून माझा घसा सुकला. एका गड्याला पाणी मागितलं तर त्यानं मागच्या बाजूला बोट दाखवलं.

मागं जनरेटरची खोली होती आणि तिच्या भिंतीला लागून आणखी एक खोली. दार उघडं. आत खाटेवर एक म्हातारी, अंगावर विटकं लुगडं, मांडीवर आमची गोधडी.

‘कोण हाय?’

‘पाणी प्यायला आले.’

‘माठात हाय, घे. आन तेवढी सुई ओवून दे. नदर न्हाई ऱ्हायली.’

मी सुई ओवून दिली आणि मग तिचा चेहरा नीट बघितला. हा चेहरा मी दर वर्षी चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर बघत होते. दादांच्या आई, गोजराबाई. फ्लेक्सवर त्यांच्या अंगावर पैठणी असायची आणि दादा त्यांच्या पायाशी बसलेले असायचे.

‘ही कुणी शिवलीया कुणास ठावं,’ त्या म्हणाल्या. ‘हात चांगला हाय बाईचा. पर मधीमधी अशी भरली वांगी का ठिवल्यात?’

‘मीच शिवलीया, आईसाहेब.’

‘तू? मग सोडलंस कशापायी एवढं?’

‘दादांची तोंडं हायत ती. आमचं मालक म्हणाले, तोंडावर टाका नको.’

त्यांनी गोधडी उचलून डोळ्यांजवळ नेली, दाराच्या उजेडाकडं फिरवली.

‘उदयाचं तोंड व्हय?’

‘व्हय.’

‘समदी त्याचीच?’

‘समदी.’

त्यांनी गोधडी परत मांडीवर घेतली, अंगठ्यानं आतला गोळा चारी बाजूंना सारखा केला आणि सुई सरळ नाकातून घातली.

‘मग मालकाचं ऐकायलाच नगं हुतं,’ त्या म्हणाल्या.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी शहाणं माणूस भेटलं होतं. त्यांनी सांगितलं, गोधडी ड्रायव्हरनं आणून टाकली, गाडीत जागा अडते म्हणून. त्यांना ती बरी पडली, खोलीला ओल फार. ‘फोटूच्या दिशी न्ह्यायला येत्यात मला,’ त्या टाके घालता घालता म्हणाल्या. ‘भारी लुगडं नेसवत्यात. फोटू झाला की काढून न्हेत्यात. चार पावलांवर दार हाय त्याचं. पर हिकडं याला सवड न्हाई.’ हे त्यांनी रडून सांगितलं नाही. खराब निघालेल्या मेथीच्या जुडीबद्दल बोलावं तशा बोलल्या.

‘तुमी कशाला आलाय?’

‘सातनंबरचं तिकीट मागाय.’

‘कुणाला?’

‘माझ्या नावावर. मालकांसाठी.’

‘म्हंजी तू नुसती पाटी,’ त्या म्हणाल्या आणि पुढचा टाका दादांच्या वरच्या ओठात घातला.

तेवढ्यात हे मला शोधत आले. दादांनी आत बोलावलं होतं.

आत दादा सोफ्यावर, भोवती पाच-सहा जण, कोपऱ्यात टी-शर्टांचे गठ्ठे रचलेले. दादांनी यांना जवळ बसवलं. ‘बजरंग, तुझ्यापासून काय लपवायचं? सात आपण ऋतुजाला देतोय.’ ऋतुजा त्यांच्या मेव्हण्याची सून. पुण्याला राहायची. वॉर्ड नंबर सात कुठं सुरू होतो हे तिला कुणीतरी गाडीतून दाखवलं असेल. ‘वरून दबाव आहे. पण प्रचारप्रमुख तू. तुझ्याशिवाय मी कुणावर विश्वास टाकू?’

यांचा चेहरा पार उतरला. मी त्यांच्याकडं बघत राहिले. देवापुढं दिलेला शब्द होता. आता बोलतील, निदान उठून उभे तरी राहतील. यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं.

‘दादा,’ हे म्हणाले, ‘टी-शर्ट मोठ्या मापाचं हायत न्हवं? दर टायमाला कमी पडत्यात.’

आणि गठ्ठ्यातला एक उचलून त्यांनी छातीला लावून बघितला.

नवऱ्याचा राग मला आयुष्यात पुष्कळदा आला होता. त्या दिवशी राग आला नाही. किळस आली. इतकी की तोंड उघडलं नसतं तर तिथंच ओकले असते.

‘मग मी उभी ऱ्हाते,’ मी म्हटलं. ‘अपक्ष.’

सगळे हसले. दादा सगळ्यांत शेवटी हसले, आणि सगळ्यांत गोड. ‘जरूर राहा, वहिनी. लोकशाही आहे. फक्त एक सांगा, तुमच्या अर्जावर सूचक म्हणून सही कोण करणार? सातमधलाच मतदार लागतो.’

ते धमकावत नव्हते. त्यांना खरोखरच उत्सुकता होती. मागच्या खेपेला सातमध्ये एकानं विरोधकाच्या अर्जावर सही केली होती, तर वर्षभर त्याच्या नळाला पाणी आलं नव्हतं. आमच्या गल्लीत आमच्या लग्नात जेवलेली माणसं होती, माझ्याकडून उधारीवर ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका होत्या. त्यांतलं एकही माणूस सही करणार नाही हे मला ठाऊक होतं. दादांना त्याहून ठाऊक होतं.

‘बघते,’ मी म्हटलं.

घराच्या दाराशी आल्यावर हे म्हणाले, ‘माझी इज्जत घालवलीस.’

‘कुठं हुती?’ मी विचारलं. ‘मला दावली असतीसा तर जपून ठिवली असती.’

दुसऱ्या दिवशी मी अर्ज आणला, भरला आणि बंगल्याच्या मागच्या दारानं त्या खोलीत गेले. बंगला सातमध्येच येतो. गोजराबाई खाटेवर उन्हात बसल्या होत्या. मी काय ते सरळ सांगितलं, लपवलं काही नाही. त्यांनी विचारलं, ‘उदयाच्या इरोधात व्हय?’

‘व्हय.’

‘आण हिकडं. अंगठा न्हाई हां, सही येती मला. चौथीपातूर गेलीया.’

जेवणाचं ताट पालथं घालून त्यावर कागद ठेवला. त्यांनी एकेक अक्षर दाबून सही केली.

‘तुमास्नी त्रास देतील, आईसाहेब.’

‘काय करंल? खोली बदलंल? ह्याच्या पल्याड आता गोठाच हाय.’ त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. ‘आन रागावून का हुईना, बोलाय तरी यील.’

निवडणूक कचेरीतल्या साहेबांनी सूचकाचं नाव वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, ‘या त्याच का?’ मी म्हटलं, ‘त्याच.’ संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दादा त्या दिवशी मागच्या खोलीत गेले आणि तासभर ओरडत होते, असं गडी सांगत होता. मी नंतर गोजराबाईंना विचारलं, फार बोलले का म्हणून.

‘लई बोलला,’ त्या म्हणाल्या. ‘बरं वाटलं. किती वर्सानं एवढा वेळ बसला हितं.’

आमचे हे प्रचारप्रमुख झाले. माझ्या हातची भाकरी खाऊन सकाळी बाहेर पडायचे आणि दिवसभर माझ्याविरुद्ध मतं मागायचे. मी अडवलं नाही. अडवायला माणूस लागतो. एक दिवस त्यांची फेरी आमच्याच गल्लीत आली. दहा-पंधरा जण, सगळ्यांच्या छातीवर दादा, आणि पुढं हे. आमचं दार आल्यावर मागची पोरं खुसुखुसु हसायला लागली. हे पुढचं घर गाठायला निघाले तर कुणीतरी मागून ओरडलं, ‘बजरंगआण्णा, ह्ये घर ऱ्हायलं की.’

मी दारात उभी होते. यांनी हात जोडले. नजर माझ्या पायांवर.

‘बोला,’ मी म्हटलं.

‘ऋतुजाताईंना आपलं... बहुमोल मत द्यावं.’

‘त्या कुठं हायत?’

‘पुण्याला गेल्यात. उद्या येणार हायत.’

‘द्या पत्रक. आन दुपारी येळेवर या, कालवण गार हुतंय.’

त्यांनी पत्रक दिलं. दोन्ही हातांनी दिलं, जसं सगळ्यांना देत होते.

मी निवडून आले. सातमधल्या बायकांनी मला मत दिलं ते काही माझ्या गुणांवर नव्हे. ज्याच्या आईनंच त्याच्या विरोधात सही केली त्याला मत कसं द्यायचं, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. मतमोजणीच्या टेबलावर ऋतुजाताईंच्या बाजूनं आमचे हे बसले होते. माझा आकडा पुढं गेला तसे ते उठले, बाहेर गेले आणि परत आले तेव्हा गुलाल लावलेला होता. माझ्या नावाचा. फाटकाबाहेर उभं राहून कुणाला तरी सांगत होते, ‘आमच्या मंडळींनी घेतली सीट.’

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली, सात नंबर अजून माझ्याकडंच आहे. दुकानाचं शटर आजही खालीच आहे. हे सकाळी अंघोळ करून पालिकेत जातात, नगरसेविकेचे मिस्टर म्हणून खुर्चीवर बसतात, लोक त्यांना चहा पाजतात. गोजराबाई गेल्या, तेव्हा दादांनी फ्लेक्स लावला होता, पैठणीतला.

पुढच्या निवडणुकीला मला न विचारता यांनी टी-शर्ट छापून आणले. छातीवर माझा चेहरा, मोठा, हसरा. ‘कसा दिसतोय?’ विचारत पहिला यांनीच अंगात घातला. मी तो अंगातून काढायला लावला, गठ्ठा रद्दीवाल्याला दिला, आणि तो एक ठेवला. त्याच्यानं मी फरशी पुसते. कापड पाणी टिपत नाही, पण चालतं.

दारात तो पिळून टाकलेला असला की हे घरात येताना थांबतात, धोतर सावरावं तशी पँट वर धरतात, आणि माझ्या तोंडावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून आत येतात.